जोडा चावतो कुठे, ते आधी बघा

नवा बूट चावायला लागला की दोन उपाय ठरलेले असतात. एक तर चार दिवस सोसायचं, म्हणजे तो आपोआप सैल होईल. नाहीतर पुढच्या खेपेला एक नंबर मोठा घ्यायचा. पहिल्यात पायाची सालटी निघतात. दुसऱ्यात बूट लांबीला मोठा होतो, पाय आत पुढेमागे सरकतो आणि जिथे आधी चावत नव्हतं तिथेही चावायला लागतं. चावतो म्हणजे लहान आहे, असं आपण धरून चालतो. पण लांबी, रुंदी, बोटांवरची उंची, टाचेची पकड आणि बूट वाकतो ती जागा, यांतलं काहीही चुकलेलं असू शकतं. नेमकं काय चुकलंय ते चावण्याची जागा सांगते.

टाचेच्या मागे सालटं निघत असेल तर टाच बुटात वरखाली होते आहे. म्हणजे मागचा भाग सैल आहे, किंवा तळ इतका कडक आहे की पाय वाकतो पण बूट वाकत नाही. करंगळीची बाहेरची बाजू लाल होत असेल तर रुंदी कमी. बोटांच्या सांध्यांवर, अगदी वरच्या बाजूला कुरूप होत असेल तर लांबी-रुंदी ठीक असूनही बोटांवरचं छत बसकं आहे. अंगठ्याचं नख काळं पडलं तर बूट आखूड असेल, पण पुष्कळदा तो सैलही असतो: उतारावर पाय पुढे घसरतो आणि नख पुढच्या भिंतीवर आपटत राहतं. अशा वेळी मोठा नंबर घेतला तर घसरायला आणखी जागा मिळते. नाडीच्या खाली, पावलाच्या उंचवट्यावर दुखत असेल तर नंबराचा काहीच दोष नाही, नाडी बांधण्याची पद्धत बदलून बहुतेकदा काम होतं.

नंबर नक्की कशाचा असतो

बूट ज्या पायाच्या आकाराच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या साच्यावर शिवतात त्याला फर्मा म्हणतात. बुटावर छापलेला युरोपीय किंवा इंग्रजी नंबर हा तुमच्या पायाचा नसतो, तो या फर्म्याच्या लांबीचा असतो. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, साधारण ६.७ मिलिमीटर. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळपास ८.५ मिलिमीटर. हे माप मुळात सातूच्या दाण्याच्या लांबीवरून आलेलं आहे. अर्धा नंबर म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर, आणि तेवढ्या फरकानेही पायाला सुखदुःख कळतं.

फर्मा पायापेक्षा लांब असावाच लागतो, पण किती लांब, हे प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. समजा पाय २५ सेंटिमीटरचा आहे. कुणी पुढे १ सेंटिमीटर मोकळं ठेवलं तर फर्मा २६ सेंटिमीटरचा आणि युरोपीय नंबर ३९. कुणी २ सेंटिमीटर ठेवलं तर फर्मा २७ चा आणि नंबर साडेचाळीस. पाय तोच, नंबरात दीडाचा फरक. त्यामुळे 'माझा नंबर ४०' हे वाक्य एका कंपनीच्या एका मॉडेलपुरतंच खरं असतं. बुटाच्या जिभेवर मिलिमीटरमध्ये किंवा सेंटिमीटरमध्ये पायाची लांबी छापलेली असेल तर तिच्यावर जास्त भरवसा ठेवा, कारण तो आकडा पायाबद्दल बोलतो.

रुंदीचं दुखणं वेगळंच आहे. नंबर एकाने वाढला की चवड्याचा घेर साधारण ५ ते ६ मिलिमीटर वाढतो. म्हणून रुंद पायाची माणसं रुंदीसाठी लांबी विकत घेतात. घेर १२ मिलिमीटर हवा म्हणून दोन नंबर वर गेलं की बूट दीड सेंटिमीटरने लांब होतो, पुढे नुसती पोकळी राहते आणि बूट भलत्याच ठिकाणी वाकायला लागतो. त्यापेक्षा त्याच लांबीत रुंद फर्म्याचा बूट शोधलेला बरा. काही उत्पादक रुंदीसाठी वेगळी अक्षरं छापतात, ती विचारून घ्या.

माप घेताना होणाऱ्या चुका

पाय दिवसभरात सुजतो, उन्हात आणि चालल्यावर जास्तच. म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, आणि उभं राहून. बसल्यावर पावलाची कमान वर उचललेली असते. शरीराचा भार आला की ती खाली बसते आणि पाऊल लांबही होतं, रुंदही. कागद भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि रेघ दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगा. स्वतः वाकलात की भार पुढे जातो आणि माप बिघडतं. पेन्सिल कागदाशी काटकोनात उभी धरायची. ती पायाखाली आत झुकली की प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर गायब होतात, म्हणजे अर्धा नंबर नुसत्या पेन्सिलीने खाल्ला.

लांबी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळ जणांचं दुसरं बोट लांब असतं. दोन पाय सहसा सारखे नसतात, तेव्हा मोठ्या पायाचं माप धरायचं आणि लहान पायाच्या बुटात गरज पडली तर पातळ इनसोल, म्हणजे आतली तळाची गादी, घालायचा. चवड्याभोवती टेप गुंडाळून घेरही मोजून ठेवा.

आता ते माप, जे जवळजवळ कुणीच घेत नाही: टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यापर्यंतचं अंतर. चालताना पाऊल याच सांध्याच्या रेषेत वाकतं. बूटही एका ठरावीक रेषेतच वाकतो, त्याच्या सर्वांत रुंद भागाशी. या दोन रेषा जुळल्या तर बूट पायाबरोबर चालतो. नाही जुळल्या तर बूट पायाच्या कडक भागावर वाकायला बघतो, वाकल्यावर पडणारी घडी बोटांवर रुतते आणि टाच बाहेर ओढली जाते. २५ सेंटिमीटरच्या दोन पायांत एकाची बोटं लांब आणि सांधा मागे असेल, दुसऱ्याची बोटं आखूड आणि सांधा पुढे. नंबर एकच, पण एकच बूट दोघांना बसणार नाही. अमेरिकेत सिराक्यूज शहरातल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं त्यात म्हणूनच लांबी आणि रुंदीच्या जोडीला हे तिसरं माप आहे. लांबी आणि सांध्याचं माप यांतून वेगवेगळे नंबर आले तर मोठा नंबर घ्यावा, असा त्याचा नियम. बोटांपुढे थोडी जास्त जागा राहिलेली परवडते, चुकीच्या जागी वाकणारा बूट परवडत नाही.

घालून बघताना

जे मोजे त्या बुटात रोज घालणार आहात तेच घालून जा. दोन्ही पायांत बूट चढवा, टाच जमिनीवर हलकेच आपटून मागे बसवा आणि नाडी पूर्ण बांधा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. ती बाहेरून दाबून बघायची पद्धत फसवी आहे, कारण पुष्कळ बुटांच्या टोकात कडक अस्तर असतं आणि दाब लागला की माणूस बोटं आपोआप आत ओढून घेतो. त्यापेक्षा इनसोल निघत असेल तर बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला लावून बघा, पुढे किती जागा उरते आणि करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा कडेबाहेर किती ओघळतो. जो भाग कडेबाहेर आहे तो बुटात भिंतीला दाबला जाणार, हे तिथल्या तिथे दिसतं. टोकदार बुटात मोकळी जागा टोकापासून मोजू नका. बोटं जिथे अडतात तिथून पुढची पोकळी ही निव्वळ शोभा.

नाडीच्या भोकांच्या दोन ओळी काय सांगतात तेही बघा. बांधल्यावर त्या एकमेकींना समांतर असाव्यात, मध्ये बोटभर फट ठेवून. वर फाकल्या तर पावलाचा उंचवटा बुटाला जास्त होतोय. दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या तर बूट आत मोकळा आहे, आणि तो वापराने आणखी मोकळाच होणार.

मग किमान पाचदहा मिनिटं चाला, जमलं तर उतारावरही. नव्या कडक तळाच्या बुटात टाच चार-पाच मिलिमीटर उचलली गेली तर घाबरायचं कारण नाही, तळ वाकायला लागला की ते कमी होतं. त्याहून जास्त उचलली तर बूट ठेवून द्या. 'घातल्यावर सैल होईल' हे चामड्याच्या रुंदीबाबत थोडंफार खरं आहे. कारागीर साच्यावर ताणून चामडं काही मिलिमीटर रुंद करून देऊ शकतो. लांबी मात्र वाढत नाही, आणि कृत्रिम कापड-प्लास्टिकचा बूट जवळजवळ अजिबात ताणत नाही.

बूट हातात घेऊनही दोन गोष्टी कळतात. टोक आणि टाच धरून वाकवा: चवड्याशी वाकला तर ठीक, कमानीशी मधोमध मोडला तर तो पायाला आधार देणार नाही. टाचेभोवतीची मागची भिंत अंगठा आणि तर्जनीत दाबा. ती सहज चेपली तर टाच आत डुलत राहणार. (उजवा-डावा असे वेगळे बूट सरसकट मिळणं ही तशी अलीकडची चैन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत पुष्कळ बूट दोन्ही पायांना एकाच आकाराचे शिवत. त्या लोकांच्या करंगळ्यांचं काय होत असेल, याचा विचार न केलेलाच बरा.)

टाच उचलली जात असेल आणि बाकी सगळं नीट बसत असेल तर नाडीने ती अडकवता येते. खेळाच्या बऱ्याच बुटांना सर्वांत वर, थोडं मागे, एक जादा भोक असतं. नाडी त्याच बाजूच्या या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे बाहेरच्या बाजूला छोटा फासा तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फासे करा, प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवा, खाली आणि मागे ओढा, मग गाठ मारा. घोटा बुटाला चिकटून बसतो आणि पुढे बोटांवर अजिबात ताण येत नाही. याउलट उंचवट्यावर दाब येत असेल तर ती जागा जिथे आहे तिथलं एक आडवं ओवणं वगळा. नाडी दोन्ही बाजूंना सरळ वर न्या आणि पुढच्या भोकापासून पुन्हा फुली मारा.

फोड, घट्टे आणि कुरूप

फोड नुसत्या घासण्याने येतो असं वाटतं, पण खरी भानगड थोडी खोल आहे. प्रत्येक पावलाला आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी मात्र मोज्याला आणि बुटाला चिकटून मागे राहते. मधले थर ताणले जातात. हजारो पावलांनंतर ते थर एकमेकांपासून सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. घामाने ओलसर झालेली कातडी जास्त चिकटते, म्हणून ओल्या सुती मोज्यांत फोड लवकर येतात. लांब चालायचं असेल तर ओल बाहेर टाकणारे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घाला. एखादी जागा चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. 'घरी गेल्यावर बघू' म्हटलं की फोड आलाच. आलेला फोड लहान असेल तर फोडू नका, वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी आहे. फारच मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा आणि कातडी तशीच ठेवून झाका. मधुमेह असेल तर हेही घरी करू नका.

घट्टा पसरट असतो आणि सहसा दुखत नाही. कुरूप लहान, गोल, मधोमध कडक खिळा असलेलं, आणि दाबलं की कळ जाते. दोन्ही दाबामुळे होतात. कुरूप कापलं आणि बूट तोच ठेवला की काही आठवड्यांत ते हजर. ब्लेडने कोरणं तर नकोच. कुरुपाच्या औषधी पट्ट्यांमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं, त्याला कुरूप आणि शेजारची चांगली कातडी यांतला फरक कळत नाही. पट्टी कुरुपाएवढीच कापून लावायची. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करून आत घुसू नका. आखूड बुटाने आत ढकललेलं नख आणि गोल कापलेला कोपरा एकत्र आले की नख मांसात रुततं.

चिखल्या बहुधा चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात सुरू होतात, कारण ती जागा सर्वांत चेपलेली आणि ओली. कातडी पांढरी, लिबलिबीत होते, खाज येते, वास येतो. बेचक्या पुसून कोरड्या करणं हा अर्धा उपचार. बुरशी असेल तर १ टक्का टर्बिनाफिनचं मलम आठवडा-दोन आठवडे लावतात, आणि खाज थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करणं हीच ती परत येण्याची वाट.

टाचेच्या भेगांना मागून उघड्या चपला बऱ्याच कारणीभूत असतात. भार पडला की टाचेखालची चरबीची गादी बाजूंना पसरते, बंद बुटात तिला भिंत अडवते, चपलेत कुणी अडवत नाही. कोरडी जाड कातडी तो ताण सहन करू शकत नाही आणि चिरते. आंघोळीनंतर लगेच १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम टाचेला लावून वर मोजा घाला. बोटांच्या बेचक्यांत मात्र क्रीम लावायचं नाही, तिथे चिखल्या वाट बघतच असतात.

पायाला कळतच नसेल तर

वर म्हटलं की चावण्याची जागा कारण सांगते. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांची संवेदना कमी होते आणि हा निरोपच येईनासा होतो. बुटात खडा असला तरी माणूस दिवसभर चालतो आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसतं. तिथे दुखण्याऐवजी डोळ्यांवर आणि हातांवर विसंबावं लागतं. रोज रात्री तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्यायचे. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. घरातही अनवाणी चालायचं नाही. पाणी किती गरम आहे ते पायाने न बघता कोपराने बघायचं. नवा बूट पहिले दिवस एक-दोन तासच घालायचा आणि काढल्यावर लाल डाग शोधायचे. साधी जखम दिसली तरी डॉक्टरकडे जायचं, दुखत नाही म्हणून थांबायचं नाही.

बुटाला विश्रांती

दोन्ही पायांना मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, वास हा घाम आणि मेलेली कातडी खाणाऱ्या जिवाणूंचा उद्योग. त्यांना ओल हवी, आणि एकच जोडा रोज घातला तर तो रात्रीत पुरता वाळत नाही. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त टिकतात. भिजलेल्या बुटात कागदाचे बोळे कोंबा, इनसोल वेगळा काढा, तासा-दोन तासांनी बोळे बदला आणि सावलीत, वाऱ्याला ठेवा. हीटर किंवा कडक ऊन नको. चामडं झपाट्याने वाळलं की आक्रसतं आणि तडकतं, आणि तळाचा डिंक उष्णतेने सुटतो. खेळाचे बूट मशीनमध्ये टाकू नका. नाडी आणि इनसोल काढून, कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश.

चामड्याच्या बुटाला आधी कोरडा ब्रश, विशेषतः तळ आणि वरचा भाग जिथे जोडलेला असतो त्या खाचेत, कारण तिथली माती शिवण कापते. मग जरा ओलसर फडकं, मग वाळू द्या. क्रीम वाटाण्याएवढं पुरतं, ते घड्यांवर नीट चोळायचं, पंधरा मिनिटांनी ब्रशने चमकवायचं. मेणाचं पॉलिश चमक देतं आणि पाणी उडवतं, चामड्याला मऊ ठेवत नाही. नुसतं पॉलिशच थरावर थर चढवलं की घडीच्या जागी तेच आधी तडकतं. टाचेची रबरी पट्टी झिजून खालचा थर दिसायला लागण्याआधी बदलून घ्या. मागच्या बाहेरच्या कडेला थोडी जास्त झीज होणं नेहमीचं, पण एकाच बुटाची एकच बाजू वेगाने झिजत असेल तर चालण्यात काहीतरी बिघाड असू शकतो. धावण्याच्या बुटाचा फोमचा थर वरून धड दिसला तरी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबून निर्जीव होतो.

आणि एक बूट असा असतो जो न वापरताच मरतो. जपून ठेवलेला, खोक्यातला. काढून घातला की शंभर पावलांत तळाचे तुकडे गळून पडतात आणि माणूस दुकानदाराला दोष देतो. हे होतं पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकच्या तळाचं, त्यातही त्याच्या पॉलिएस्टर प्रकाराचं: हवेतली ओल त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते, उकाड्याने वेग वाढतो, काही वर्षांत तळ चिकट होतो किंवा भुगा होतो. ही क्रिया थांबवणारं पॉलिश नाही. ओल कोंडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बूट ठेवू नका, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. आणि बरीच वर्षं पडून असलेला जोडा घालून बाहेर पडायच्या आदल्या दिवशी तळाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघा. ठसा परत भरून आला तर ठीक. नख रुतलं, तडा गेला किंवा पूड हाताला लागली, तर दुसरा जोडा काढा.